रेशमी स्कार्फची जाळी उघडत नसेल, तर सुई मोठी नव्हे, बारीक घ्यावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हैसूरहून भेट आलेली तुतीच्या रेशमाची १०० ग्रॅमची दुपदरी लडी आपल्याकडे आहे, तिच्या चिठ्ठीवर लांबी ८०० मीटर लिहिलेली आहे आणि मे महिन्यात गुहागरला होणाऱ्या भाचीच्या लग्नात तिला जाळीदार स्कार्फ विणून द्यावा, असे आपण ठरवले आहे. ४ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या ८ नंबरच्या सुयांवर आपण तीनदा विणून पाहिले. जाळी उठून दिसत नाही, टाके सुईवरून निसटतात आणि ५ फूट विणलेला भाग दोन दिवस दाराला लटकवल्यावर ६ फुटांच्या पुढे गेला. म्हणून ७ नंबरची आणखी जाड सुई घेतली तर जाळी उघडेल का, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी देते. सुई जाड घेऊ नये, उलट दोन नंबर बारीक, म्हणजे १० नंबरची, ३.२५ मिलिमीटरची घ्यावी. हे उलटे वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर सांगणे भाग आहे. आपल्या हातात दोष नाही. आपण लोकरीसाठी लिहिलेला नमुना रेशमावर जसाच्या तसा उतरवला आहे, आणि तिन्ही तक्रारींचे मूळ तेच आहे.

जाळीदार विणकामाच्या ज्या परंपरा आज पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून आपल्यापर्यंत पोचतात, त्या बहुतेक थंड मुलखातल्या आहेत: स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटे, एस्टोनियातील हाप्सालू, रशियातील ओरेनबर्ग. शेटलंड आणि हाप्सालू येथे मेंढीची बारीक लोकर वापरतात, ओरेनबर्गला शेळीची मऊ लव. तिच्या पदराला रेशमाचा दोरा पीळ घालून जोडतात खरा, पण तो आधारापुरता असतो. लोकरीच्या तंतूला जन्मतःच कुरळेपणा असतो आणि त्याच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात. कुरळेपणामुळे तो ताणला तरी मागे येतो आणि खवल्यांमुळे शेजारचा टाका धरून ठेवतो. रेशमाचा तंतू किड्याच्या तोंडून अखंड निघालेला, सरळ आणि गुळगुळीत असतो. एका कोशातून शेकडो मीटर निघतो. म्हणूनच त्याला ती चकाकी असते आणि म्हणूनच त्याला पकड नसते. तो तुटणार नाही, पण ताणलेला टाका पुन्हा पूर्वीच्या जागी येईल, अशी आशा मात्र त्याच्याकडून ठेवू नये.

आता सुईकडे येऊ. जाड सुईवर लोकर विणली, तर लोकर फुगून टाक्यांमधली जागा भरते आणि मुद्दाम सोडलेले भोक तेवढे उघडे राहते. रेशीम फुगत नाही. जाड सुईवर त्याचा प्रत्येक टाका सैल पडतो, प्रत्येक टाक्याच्या आजूबाजूला फट राहते, आणि मग मुद्दाम सोडलेले भोक त्या सगळ्या फटींमध्ये हरवून जाते. भोक दिसायला भोकाभोवती कापड लागते. आपल्या तुकड्यात भोके कमी पडलेली नाहीत, कापड कमी पडले आहे. मी रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांना तासन्‌तास पाहत बसले आहे. त्यांच्या जाळ्याची आस, म्हणजे एकेक भोक, सगळीकडे सारखी राहते, कारण तिच्या चारही कोपऱ्यांना गाठ असते. आपल्या विणकामात एकही गाठ नसते, फक्त एकात एक अडकवलेले फासे असतात. लोकरीत खवले गाठीचे काम करतात. रेशमात ते काम टाक्याच्या घट्टपणाकडूनच करून घ्यावे लागते.

सुयांच्या नंबरांबाबत एक सावधगिरी सांगते, कारण व्हिडिओ पाहून विणणाऱ्यांची येथे नेहमी फसगत होते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेतले नंबर याच्या उलट चालतात. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची आणि १० नंबरची ६ मिलिमीटरची असते. त्यामुळे नंबर विसरून फक्त मिलिमीटर पाहावेत. सुई बांबूची किंवा लाकडाची घ्यावी, कारण गुळगुळीत अॅल्युमिनियमवर रेशीम निसटते. आपल्या हवेत बांबूच्या सुया पावसाळ्यात बुरसतात हे खरे, पण त्या कोरड्या फडक्याने पुसून अधूनमधून उन्हात ठेवल्या की पुरते. सुईच्या टोकाला कूस आली असेल, तर अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून मगच रेशमाला लावावी.

यापुढचे सर्व काही लडीत नेमके काय आहे यावर अवलंबून आहे, आणि ते मला येथून सांगता येणार नाही. कोशातून सलग उलगडलेले रेशीम सर्वांत चकचकीत आणि सर्वांत निसरडे असते. तुटक तंतूंपासून कातलेल्या रेशमाला किंचित लव असते आणि विणायला ते अधिक सोपे जाते. लडीवर सिल्क मार्कची, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेली, चिठ्ठी नसेल, तर दोन इंच दोरा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खऱ्या रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ते बहुधा विझते आणि मागे बोटांनी चुरता येणारी काळी राख राहते. कागद जळाल्यासारखा वास आला, तर ते बाजारात आर्ट सिल्क म्हणून विकले जाणारे व्हिस्कोस आहे. त्याचाही स्कार्फ सुंदर होतो, मात्र ओले झाल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, म्हणून धुताना दुप्पट जपावे लागते.

नमुन्याचा छोटा तुकडा विणण्याचा आपल्याला कंटाळा आहे असे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे. मलाही होता. माझा पहिला रेशमी स्टोल मी मांडीवर सपाट ठेवून मोजला, ६ फूट भरल्यावर टाके बंद केले, आणि ज्या बहिणीसाठी तो होता तिने एका हिवाळ्यात चार लग्नांना वापरल्यावर त्याचे टोक तिच्या गुडघ्याखाली गेले. रुंदी मात्र तीन बोटांनी कमी झाली होती. तेव्हापासून रेशमाचा तुकडा मी सपाट कधीच मोजत नाही, तो लटकवून मोजते.

त्याची रीत अशी. आपल्या नमुन्याची दोन आवर्तने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा भाग दोनदा, आणि दोन्ही काठ येतील एवढे टाके घालून साधारण १५ सेंटीमीटर उंच तुकडा विणावा. तो धुवावा, टाचण्यांनी ताणून वाळवावा आणि मापे लिहून ठेवावीत. मग वरच्या काठाला चार-पाच चिमटे लावून तो दोरीवर टांगावा आणि खालच्या काठाला दहा रुपयांची दोन नाणी फडक्यात बांधून रात्रभर लटकवावीत. ही दोन नाणी भरतात साधारण पंधरा ग्रॅम. हे वजन मनाने ठरवलेले नाही. स्कार्फ गळ्यात असताना मानेपाशी असलेल्या टाक्यांवर खाली लोंबणाऱ्या अर्ध्या स्कार्फचे वजन येते. आपल्या स्कार्फचे ते तीस-पस्तीस ग्रॅम होईल, आणि तुकड्याची रुंदी स्कार्फच्या निम्म्याहून थोडी जास्त असल्यामुळे त्याला त्याच प्रमाणात वजन द्यायचे. सकाळी पुन्हा मोजावे. समजा १५ सेंटीमीटरचे १६.५ झाले, तर वाढ दहा टक्के आहे. अंगावर १७० सेंटीमीटरचा स्कार्फ हवा असेल, तर १५५ वर थांबावे. वाढ वीस टक्क्यांच्या वर गेली, तर आणखी एक नंबर बारीक, म्हणजे ११ नंबरची ३ मिलिमीटरची सुई घेऊन नवा तुकडा विणावा.

हाच तुकडा रेशीम पुरेल की नाही तेही सांगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन-तीन ग्रॅमचा भरवसा धरता येत नाही, म्हणून मी ओळखीच्या सोनाराकडे जाऊन तुकडा तोलून घेते. त्यांना आता सवय झाली आहे. माझ्याकडच्या अशाच रेशमाचा २४ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच तुकडा ३.२ ग्रॅम भरला होता. त्याचे क्षेत्रफळ ३६० चौरस सेंटीमीटर. ४५ सेंटीमीटर रुंद आणि १५५ सेंटीमीटर लांब स्कार्फचे क्षेत्रफळ ६,९७५, म्हणजे तुकड्याच्या सुमारे साडेएकोणीस पट. रेशीम लागेल ६२ ग्रॅम, आणि शेवटचे धागे व चुकांसाठी दहा टक्के धरले तर ६८. आपल्या १०० ग्रॅममध्ये हे आरामात बसते, तेव्हा तुकड्यात रेशीम वाया जाईल ही भीती मनातून काढून टाकावी.

आता नमुना कोणता घ्यावा. आपण निवडलेला मोठ्या पानांचा नमुना लोकरीत देखणा दिसतो, पण त्याचे एक आवर्तन पुष्कळ ओळींचे आहे आणि मध्ये रिकाम्या जागा मोठ्या आहेत. तेथे रेशीम लोंबते. लहान आवर्तनाची, भोके जवळजवळ असलेली आणि दर काही ओळींनी आडवी उठावदार रेघ येणारी वीण रेशमाला चांगली सांभाळते. इंग्रजी पुस्तकांत ‘फेदर अँड फॅन’ म्हणतात ती वीण यासाठी मला सर्वांत विश्वासाची वाटते. घरी आम्ही तिला लाटांची वीण म्हणतो. तिचे आवर्तन १८ टाक्यांचे आणि फक्त चार ओळींचे आहे. चार आवर्तनांचे ७२ आणि दोन्ही काठांचे चार-चार मिळून ८० टाके घालावेत. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी ओळ उलट, काठाचे चार टाके मात्र दोन्हीकडे सुलट. तिसऱ्या ओळीत काठ सोडून प्रत्येक आवर्तनात तीन वेळा दोन टाके एकत्र सुलट विणावेत, मग सहा वेळा दोरा सुईवर घेऊन एक सुलट विणावा, मग पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र. चौथी ओळ पूर्ण सुलट. तिच्यामुळेच ती आडवी रेघ उठते. तिसऱ्या ओळीत सहा टाके कमी होतात आणि सहा वाढतात, म्हणून ओळ संपल्यावर ८० मोजून आलेच पाहिजेत. ७९ आले, तर दोरा घ्यायचा राहिला आहे असे समजावे. काहीजणी सगळ्याच ओळी सुलट विणतात. तशी वीण उभी जास्त ताणली जाते, त्यामुळे रेशमात मी ती टाळते. ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घेण्याची सवय असेल, तर तीही येथे सोडावी. काठ आखडतो आणि टोकाच्या लाटा मोकळ्या होत नाहीत.

निसटलेला टाका लोकरीत दोन ओळींवर थबकतो, रेशमात तो पाच ओळी खाली गेल्यावर लक्षात येतो. त्यामुळे दर पाच आवर्तनांनी, चौथ्या ओळीनंतर, सुईवरच्या सर्व टाक्यांतून एक आडवा दोरा ओवून ठेवावा, म्हणजे चूक झाली तर तेथपर्यंत उसवून पुन्हा उचलता येते. यासाठी मी बारीक तंगूस वापरते. गळाला लावतात तोच. तो रंग सोडत नाही, त्याची लव रेशमात राहत नाही आणि तो कोणत्याही बंदरावरच्या दुकानात मिळतो. काठाच्या टाक्यांत त्याची दोन्ही टोके वीतभर सोडून सैल गाठ मारून ठेवावी. जाता जाता सांगते, जाळीचे काम प्रवासात घेऊ नये. कोकण रेल्वेने जाताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात डब्यातला दिवा लागला नाही आणि माझे अकरा टाके अंधारात गेले, त्यानंतर मी गाडीत साधे मोजेच विणते.

हातांबद्दल थोडे. नारळ खवून, मासे साफ करून, विळीवर बसून आपल्या बोटांना ज्या चिरा पडतात, त्यांत रेशमाचा तंतू अडकतो आणि उसवतो. आदल्या रात्री तेल लावावे आणि विणायला बसण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुऊन कोरडे करावेत; तेलाचा बोटभर डागही रेशमावर कायम दिसतो. एप्रिल-मेमध्ये घरात रातांबे फोडायचे किंवा काजू सोलायचे काम निघाले की विणकाम कपाटात ठेवावे. रातांब्याचा रंग आणि काजूचा चीक ह्या दोन्हींपुढे रेशीम हरते. घामासाठी उपाय एकच, पहाटे विणावे.

लडीतच दोरा तुटला किंवा सांधा आला, तर गाठ मारू नये. लोकरीची टोके ओली करून तळहातावर चोळली की एकजीव होतात, रेशमाची होत नाहीत, आणि रेशमातली गाठ आपोआप सुटते. जोड नेहमी काठाच्या चार टाक्यांत घ्यावा, दोन्ही टोके १५ सेंटीमीटर ठेवावीत आणि स्कार्फ धुऊन वाळल्यावरच ती टाक्यांच्या वाटेने ओवून कापावीत. आधी कापली तर ताणताना ती आत सरकतात.

सुरुवातीचे टाके आणि शेवटी बंद करायचे टाके एक नंबर जाड सुईने, म्हणजे ९ नंबरच्या ३.७५ मिलिमीटरच्या सुईने घ्यावेत. टोकाच्या लाटा ह्या दोन ओळींच्या ढिलाईवर अवलंबून असतात.

धुण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या अडचणी पुस्तकांत सापडत नाहीत. आमच्या जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याने पांढऱ्या कापडावर तांबूस छटा येते, म्हणून रेशमासाठी मी प्यायचे गाळलेले पाणी वापरते. कपड्यांची पावडर तीव्र असते आणि ब्लीच तर रेशीम खाऊनच टाकते. पाव चमचा सौम्य शाम्पू पुरतो. रंगीत रेशमाला रिठा उत्तम, पांढऱ्याला नको, कारण थोडी पिवळसर झाक येऊ शकते. ओले रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवत असते, म्हणून काठ धरून उचलू नये. रोवळीत जुने सुती फडके अंथरून त्यावर स्कार्फ घ्यावा, पाणी निथळू द्यावे आणि मग पंचात गुंडाळून हलकेच दाबावा. पिळू तर कधीच नये.

मग गादीवर स्वच्छ चादर घालून तो ताणायचा. काठांतून तंगूस ओवून तो ताठ केला की टाचण्या कमी लागतात आणि कडा सरळ येते. दोन्ही टोकांच्या प्रत्येक लाटेला मात्र स्वतंत्र टाचणी हवी. लांबीत ओढू नये, लांबी तो स्वतःच मिळवणार आहे. रुंदीत मात्र हवी त्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त ताणावा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. खाऱ्या हवेत साध्या टाचणीला एका रात्रीत गंज धरतो, आणि फिकट मोतिया रंगाच्या स्कार्फवर पडलेले तसे अठरा तांबडे ठिपके मी अजून जपून ठेवले आहेत, दुसऱ्यांना दाखवायला. उन्हात वाळवू नये. मार्च-एप्रिलमध्ये पंख्याखाली एक दिवस पुरतो. जुलैमध्ये माझ्याकडे तीन दिवस लागले आहेत.

वेळेचा हिशेबही करून ठेवावा. १५५ सेंटीमीटरला माझ्या मापाने १०८ आवर्तने, म्हणजे ४३२ ओळी होतात. प्रत्येकी ८० टाके धरले तर साडेचौतीस हजार. जाळीत मिनिटाला पंधरा टाके झाले तर अडतीस तास. पहाटे रोज एक तास बसलात, तर सहा आठवड्यांच्या आत काम होते, आणि रातांबे पिकायच्या आधी ते उरकणे शक्य आहे.

आता विणलेल्या पाच फुटांचे काय करावे, हे राहिले. ते उसवावे, पण बंद केलेल्या टोकाकडून, सावकाश, आणि उसवताना दोरा थेट खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जावा. चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधून ती लडी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी आणि वजन न लावता सावलीत टांगावी. वळ्या बऱ्याच अंशी जातात. वाळल्यावर हलक्या हाताने गुंडा करून तो एखाद्या उंच वाटीत ठेवावा, नाहीतर रेशमाचा गुंडा आपल्याच वजनाने ढासळतो. मग १० नंबरच्या सुईवर ४४ टाके घालून तुकडा विणावा, लटकवावा, आणि टांगण्यापूर्वीची व नंतरची अशी दोन्ही मापे मला कळवावीत. नेमके कोठे थांबायचे, ते त्यावरून सांगेन.